शाळेपासून शंभर यार्ड : किशोरवयातील व्यसन आणि गावाची जबाबदारी

व्यसनमुक्तीविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्याचा बराच भाग व्यसन जडलेल्या प्रौढ माणसाभोवती, त्याच्या उपचारांभोवती आणि त्याच्या होरपळलेल्या कुटुंबाभोवती फिरतो. ते व्यसन मुळात ज्या वयात लागते त्या बारा ते अठरा वर्षांच्या काळाकडे, आणि त्या काळात मुलाच्या अवतीभवती कोणती दुकाने, कोणती माणसे व कोणत्या रिकाम्या संध्याकाळी होत्या याकडे, त्या मानाने फार थोडे लक्ष जाते. तंबाखू, दारू, गांजा किंवा हुंगण्याची द्रव्ये यांपैकी कोणतेही व्यसन एका दिवसात जडत नाही आणि सहसा एकट्यानेही जडत नाही; कोणीतरी पहिली चिमूट पुढे करतो, कोणीतरी ती विकलेली असते, आणि हे सारे दिसत असूनही आजूबाजूचे लोक काही बोलत नाहीत. म्हणूनच मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्याचे काम मुलांना उपदेश करून संपत नाही, ते मोठ्यांना आपल्या गावाची आणि वस्तीची घडी बदलून करावे लागते, असा निष्कर्ष गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवातून पुढे आला आहे.

येथे दोन-तीन संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. शरीर आणि मन ही दोन्ही एखाद्या द्रव्यावर अवलंबून राहू लागतात, ते मिळाले नाही तर माणूस तळमळतो आणि नुकसान दिसत असूनही त्याला थांबता येत नाही, या आजाराला व्यसनाधीनता म्हणतात. त्याआधी कुतूहलापोटी चव घेणे, मित्रांच्या संगतीत अधूनमधून घेणे आणि पुढे नियमित घेणे असे जे टप्पे येतात त्यांना गैरवापर असे म्हटले जाते, आणि प्रतिबंधाचे खरे क्षेत्र हेच आहे. प्रतिबंधाच्याही तीन पातळ्या मानल्या जातात. सार्वत्रिक प्रतिबंध एखाद्या शाळेतील किंवा गावातील सर्वच मुलांसाठी असतो. निवडक प्रतिबंध ज्यांची परिस्थिती अधिक जोखमीची आहे, म्हणजे ज्यांच्या घरात दारू आहे, ज्यांची शाळा सुटली आहे किंवा जी रस्त्यावर वाढत आहेत, अशा मुलांसाठी असतो. आणि ज्यांनी सुरुवात केलेलीच आहे पण जी अजून अडकलेली नाहीत, त्यांना वेळीच हात देणे ही तिसरी पातळी होय.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की, देशात १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात. याच सर्वेक्षणातील दुसरी नोंद मात्र अधिक अस्वस्थ करणारी आहे : पंक्चर काढण्याचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांसारखी हुंगण्याची द्रव्ये हा असा एकमेव प्रकार आहे की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक, जवळपास दुप्पट आढळले. कारण उघड आहे. ही द्रव्ये स्वस्त आहेत, कोणत्याही सायकलच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि ती हुंगणारे मूल भुकेले व एकटे असते. तंबाखूच्या बाबतीत २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १३ ते १५ वर्षे वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी आपण तंबाखूचे सेवन करतो असे सांगितले. वयाचा मुद्दा येथे कळीचा ठरतो, कारण परिणामांचा विचार करून मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, तर सुखाची ओढ निर्माण करणारे भाग त्याआधीच जोमात असतात. त्यामुळे सुरुवात जितकी लवकर, तितकी पुढे व्यसनाधीन होण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात पंधराव्या वर्षाआधी दारू पिऊ लागलेल्यांमध्ये ही शक्यता विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळली. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या वाट्याला इतर अडचणीही अधिक आलेल्या असतात, म्हणून हा सगळा फरक केवळ वयाच्या माथी मारता येणार नाही. तरीही पहिला घोट किंवा पहिली पुडी दोन-चार वर्षे लांबली तरी पुष्कळ साधते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मग ही सुरुवात लांबवायची कशी, या प्रश्नाला शाळांनी वर्षानुवर्षे दिलेले उत्तर ठरावीक आहे. २६ जून या अमली पदार्थविरोधी दिनी प्रभातफेरी काढली जाते, घोषणा होतात, एखादे पथनाट्य होते, पोलीस अधिकाऱ्यांचे भाषण होते आणि सडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली जातात. या उपक्रमांमागील तळमळ खरी असते, परंतु त्यांचा उपयोग फारच थोडा होतो, हे मान्य करण्याची वेळ आली आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झालेला आणि पुढे अमेरिकाभर पसरलेला ‘डेअर’ हा कार्यक्रम गणवेशातील पोलिसांनी वर्गात येऊन शिकवण्यावर उभा होता. त्याची वारंवार तपासणी झाली तेव्हा त्यातून गेलेली मुले आणि न गेलेली मुले यांच्या पुढील वागण्यात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही, आणि अखेर तो अभ्यासक्रम बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह सुधारलेल्या प्रतिबंधविषयक मानकांतही हेच नोंदले आहे की केवळ माहिती देणे, भीती घालणे, एकतर्फी व्याख्याने देणे आणि पूर्वी व्यसनी असलेल्यांना मुलांपुढे उभे करून त्यांची कहाणी सांगायला लावणे, या मार्गांनी हेतू साधत नाही. शेवटची बाब अनेकांना पटणार नाही, कारण व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचा अनुभव उपचार घेणाऱ्यांसाठी अमोल असतो. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर त्या कहाणीतून ‘हे सगळे करूनही माणूस सावरतो’ एवढेच पडण्याचा धोका असतो.

याउलट काय साधते, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण आइसलँड या छोट्या देशाचे आहे. १९९८ मध्ये तेथील १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले आदल्या महिन्यात एकदा तरी दारू पिऊन झिंगली होती आणि २३ टक्के मुले रोज सिगारेट ओढत होती. २०१६ मध्ये हे आकडे अनुक्रमे ५ आणि ३ टक्क्यांवर आले. या काळात युरोपातील इतर देशांतही मुलांचे पिणे कमी झाले, तथापि एवढी मोठी घसरण क्वचितच कोठे झाली. तेथील लोकांनी मुलांना उपदेश करण्याऐवजी मुलांच्या दिवसाची मांडणीच बदलली. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ठरावीक वेळेनंतर एकट्याने बाहेर राहू नये हा कायदा कसोशीने पाळला जाऊ लागला, शाळाशाळांतील पालक संघटना बळकट झाल्या, पालक एकमेकांशी लेखी करार करून मुलांना घरी दारू न देण्याचे मान्य करू लागले, आणि खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी राजधानी रेक्याविकच्या नगरपालिकेने प्रत्येक मुलामागे पैसे मोजले. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे मुलांची निनावी पाहणी नियमितपणे होते आणि तिचे निष्कर्ष काही आठवड्यांतच त्या-त्या गावाच्या आणि शाळेच्या हाती पडतात, त्यामुळे ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही गावाला उरत नाही. चार लाखांहून कमी वस्तीच्या सधन देशाचा कित्ता महाराष्ट्रासारख्या राज्याला जसाच्या तसा गिरवता येणार नाही हे खरे, पण त्यातील मर्म उचलण्यास कोणतीच आडकाठी नाही.

आणि महाराष्ट्राला त्यासाठी फार दूर पाहण्याचीही गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, दारू हाच आपल्या आरोग्याचा मोठा प्रश्न असल्याचे सांगितले. त्यातून उभ्या राहिलेल्या दारूमुक्ती आंदोलनानंतर १९९३ मध्ये तो जिल्हा शासनाने दारूबंदीचा जिल्हा म्हणून जाहीर केला. बंदी आली म्हणून दारू संपली नाही, आणि दारूकडून लक्ष थोडे हलले तेव्हा तंबाखूचे संकट तितकेच मोठे असल्याचे ध्यानात आले. म्हणून २०१६ मध्ये राज्य शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी कार्यक्रम हाती घेतला, ज्यात लोकजागृती, गावांची संघटना, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार ही चारही अंगे एकाच वेळी चालवण्याचा प्रयत्न आहे.

गडचिरोलीसह विदर्भातील मुलांच्या व्यसनाचे स्वरूप समजून घेण्यासाठी खर्रा म्हणजे काय, हे जवळून पाहावे लागते. पानठेल्यावर सुपारीची कातरण, तंबाखू आणि चुना एका प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन फळीवर हाताने जोरजोराने घोटतात, मिश्रण ओलसर आणि एकजीव झाले की त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतात, आणि ती पुडी दिवसभर खिशात राहून थोडी थोडी तोंडात जाते. घरातील वडीलधारे खर्रा आणायला लहान मुलाला पाठवतात, कामावर जाताना बाया तो कनवटीला लावतात, पाहुण्यापुढे तो चहाबरोबर येतो. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला खर्रा हे व्यसन वाटतच नाही, तो खाण्याचाच एक जिन्नस वाटतो. परिणाम मात्र भयंकर आहेत. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू ताठर होत जाते, तिखट सोसत नाही, मग तोंडच पुरेसे उघडत नाही; वैद्यकात याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि ती तोंडाच्या कर्करोगाची पूर्वावस्था मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीची गणना, तंबाखू नसतानाही, निश्चितपणे कर्करोगकारक पदार्थांत केली; तरीही ‘आमच्या पोराच्या पुडीत नुसती सुपारी असते’ हे समाधान अनेक घरांत अजून टिकून आहे.

अशा परिस्थितीत एकट्या मुलाला ‘खर्रा खाऊ नकोस’ असे सांगण्यात काय अर्थ उरतो? गडचिरोलीतील गाव संघटनांनी नेमकी हीच गाठ ओळखून काम मोठ्यांपासून सुरू केले. स्त्रिया आणि तरुण एकत्र येऊन गावात खर्रा व दारूची विक्री कोण करतो हे शोधून काढतात, ग्रामसभेत ठराव होतो, विक्रेत्याला आधी समज, नंतर दंड आणि तरीही न ऐकल्यास पोलिसांत तक्रार असा क्रम ठरतो. मोहफुलांचा सडवा, म्हणजे दारू गाळण्यासाठी भिजवून आंबवलेला माल, जंगलात किंवा नाल्याकाठी लपवलेला सापडला तर स्त्रिया सगळ्यांनी मिळून जाऊन तो ओतून देतात. निवडणुकीच्या दिवसांत, जेव्हा बाटल्यांचा पूर येतो आणि मिसरूड न फुटलेली मुलेही प्रचाराच्या गाड्यांमागून फुकट पिऊ लागतात, तेव्हा दारूमुक्त निवडणुकीचे आवाहन केले जाते. या कामाला कायद्याचा आधारही आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेला आहे. देवकार्यातील मोहाच्या दारूला आदिवासी समाजात स्थान आहे आणि बाजारासाठी गाळलेल्या दारूला नाही, हा भेद बाहेरच्या अधिकाऱ्यापेक्षा ती ग्रामसभा अधिक नेमकेपणाने करू शकते, आणि हा अधिकार गावाकडे असण्याचे खरे महत्त्व त्यातच आहे.

उर्वरित महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारी परंपरा ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाची आहे. गावातील किंवा वॉर्डातील परवानाधारक दारू दुकान बंद व्हावे अशी मागणी एक चतुर्थांश महिला मतदारांनी केली तर गुप्त मतदान घेतले जाते, मतपत्रिकेवर दुकान चालू ठेवण्यासाठी उभ्या बाटलीचे आणि बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचे चित्र असते, आणि एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, तर एकूण यादीच्या निम्मे, ही अट फार कठीण आहे, कारण यादीत मृत, स्थलांतरित आणि सासरी गेलेल्या स्त्रियांचीही नावे असतात. आमदार निवडून येण्यासाठी जे बहुमत पुरते ते एक दुकान बंद करण्यास पुरत नाही, हे न्याय्य म्हणता येणार नाही. तरीही सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यासारख्या ठिकाणी स्त्रियांनी ही अट पार करून दुकाने बंद पाडली.

बंदीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये शासनाने उठवली, अवैध दारू वाढल्याचे कारण पुढे केले, आणि त्यावरील वाद अद्याप शमलेला नाही. या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की ज्या गावाने बंदी स्वतः मागितली आणि स्वतः राखली तेथे ती टिकते, आणि जेथे ती केवळ राजपत्रात उतरते तेथे चोरट्या विक्रीत पहिल्यांदा ओढली जातात ती गावातील शाळा सोडलेली पोरेच, कारण पोलिसांचा संशय त्यांच्यावर कमी जातो.

मुलांपुरते पाहिले तर कायदे पुरेसे कडक आहेत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला आणि कोणत्याही शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही; २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे, तर गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. यांतील शंभर यार्डांची तरतूद प्रत्यक्षात आणण्यासाठी केंद्र शासनाच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत एक साधा उपाय आहे : शाळेपासून ते अंतर मोजून रस्त्यावर पिवळी रेषा आखायची. ही रेषा आखण्याचे काम विद्यार्थी, शिक्षक, सरपंच आणि त्या टप्प्यात येणारे टपरीवाले यांनी मिळून केले तर तिचा अर्थ पुष्कळ वाढतो, कारण टपरी हलवणे हा एका गरीब कुटुंबाच्या पोटाचा प्रश्न असतो आणि त्याला दुसरी जागा किंवा दुसरा माल सुचवणे हे गावालाच जमते, पोलिसांना नव्हे.

विक्री रोखली तरी मुलांच्या संध्याकाळींचा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक गावांचे प्रयत्न येथेच तोकडे पडतात. शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचे तीन-चार तास पूर्वी तालमीत, कबड्डीच्या मैदानावर, सेवादलाच्या शाखेत किंवा शेतावर जात. आता अनेक गावांत मैदानावर अतिक्रमण आहे, वाचनालयाला कुलूप आहे आणि बसायला जागा उरली ती पानठेल्याच्या बाकड्याची. गणेश मंडळे आणि तरुण मंडळे यांच्याकडे पैसा, मनुष्यबळ आणि मुलांचे आकर्षण हे तिन्ही आहे, परंतु वरातीत, गटारीला आणि विसर्जनाच्या रात्री हीच मंडळे पिणे हाच पुरुषार्थ असल्याचा धडा चौदा वर्षांच्या मुलाला देतात. वर्षातून एकदा व्यसनविरोधी देखावा उभारण्यापेक्षा मिरवणुकीत मद्य न घेण्याचा नियम पाळणे आणि वर्षभर मैदान चालू ठेवणे, हे या मंडळांकडून होऊ शकणारे फार मोठे काम आहे.

ज्या मुलाने सुरुवात केलेलीच आहे त्याच्या बाबतीत गावाने आपला हात आवरायला शिकले पाहिजे. चारचौघांत नाव घेणे, शाळेतून काढणे, चौकात मारहाण करणे यांतून मुलाचे उरलेसुरले चांगले संबंध तुटतात आणि तो ज्या टोळक्यातून बाहेर काढायचा त्याच टोळक्याकडे ढकलला जातो. १९८६ मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात, गर्दच्या म्हणजे ब्राउन शुगरच्या लाटेच्या काळात, मुक्तांगण केंद्र सुरू केले तेव्हापासून महाराष्ट्राला व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून नव्हे तर आजारी म्हणून पाहण्याची ओळख झाली. ती दृष्टी मुलांच्या बाबतीत तर अधिकच लागू आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातही स्वतःहून उपचारांना तयार होणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, गुन्हा केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील द्रव्याचा असेल तर, खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे, आणि पालकांना ते माहीत नसल्यामुळे पोलिसांच्या भीतीने मुलांचे उपचार लांबतात. केंद्राच्या २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मादक द्रव्यांचा गैरवापर हा सहा विषयांपैकी एक आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या क्लिनिकमध्ये समुपदेशकाशी खासगीत बोलता येते.

या सगळ्यासाठी नवी समिती स्थापन करण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्यान्वये सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि बहुतेक ठिकाणी ती समिती शालेय पोषण आहाराच्या नोंदींवर सह्या करण्यापलीकडे जात नाही. या लेखाच्या वाचकांपैकी ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी येत्या बैठकीत तीन मागण्या मांडाव्यात : शाळेपासून शंभर यार्ड मोजून पिवळी रेषा आखावी, सातवीपासून पुढच्या मुलांची निनावी पाहणी दरवर्षी करून तिचे आकडे ग्रामसभेत वाचावेत, आणि मैदान संध्याकाळी सातपर्यंत कोणाच्या तरी देखरेखीखाली उघडे ठेवावे. घरात कोणाला मदत लागल्यास केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे.